सत्तावीस नंबरचा पाहुणा

दुपारी एक ते दीड आमचा बोर्ड बंद असायचा. बोर्ड म्हणजे लाकडाचा नव्हे, इंटरनेटवरचा. जो तो आपापल्या घरी बसून त्यावर चिठ्ठ्या चिकटवतो आणि बाकीच्यांना त्या लगेच दिसतात, तसला. असल्या बोर्डाला जेवणाची सुट्टी असते हे जगात दुसरीकडे कुठे कोणी ऐकलं नसेल. पण आमच्या बोर्डाचे मालक बरोबर एक वाजता सगळ्यांचा लिहिण्याचा हक्क काढून घेत, जेवत, ताट घासून ठेवत आणि दीड वाजता तो हक्क परत देत. मधल्या वेळात कोणाला काही सुचलंच तर त्याने ते लक्षात ठेवावं. माझा भाऊ एकदा वैतागून म्हणाला की काका, कॉम्प्युटरला भूक लागत नाही. त्यावर ते म्हणाले, "मला लागते ना."

आम्ही त्यांना पासवाले काका म्हणायचो. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत, बाहेरून येणाऱ्या माणसांना आत जायचा पास देण्याच्या खिडकीवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. बढती दोनदा चालून आली, दोनदा त्यांनी ती परत पाठवली. बढती म्हणजे वरच्या मजल्यावर टेबल आणि खिडकी दुसऱ्याच्या ताब्यात. नाव काय, कोणाकडे, काम काय, हे तीन प्रश्न विचारून विचारून त्यांच्या जिभेला असं वळण पडलं होतं की घरीदारी त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. संध्याकाळी लालबागला आमच्या चाळीच्या जिन्यापाशी ते खुर्ची टाकून बसत. माझा मामा दर रविवारी आमच्याकडे यायचा, आणि दर रविवारी काका त्याला विचारायचे, "कोणाकडे?" मामाही काही कमी नव्हता. दर रविवारी तो बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगायचा आणि खोली नंबर अठ्ठावीस म्हणायचा. मग दोघं एकमेकांना तंबाखू देत.

अठ्ठावीस आमची, सत्तावीस त्यांची. मधे एकच भिंत. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आमचा गॅस बंद करायची आणि आमचा भात कच्चा राहायचा, इतकी ती भिंत पातळ होती. काकू लवकर गेल्या, त्यानंतर काका आणि त्यांचा मुलगा असे दोघंच. मुलगा माझ्या भावाच्या वर्गात होता, म्हणजे अर्धा आमच्याचकडे वाढला.

चाळ पाडून तिथे उंच इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळे पांगलो. कोणी विरारला गेलं, कोणी डोंबिवलीला. आई भावाबरोबर बदलापूरला गेली. काका मात्र शीव कोळीवाड्याच्या पलीकडे जायला तयार नव्हते. तिथे एका कोळीणबाईंच्या घरात वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली आणि महिन्याभरात मला फोन केला. फोन साधाच, बटणांचा. म्हणाले, मोबाइलच्या ग्रुपवर नुसती फुलं आणि सुप्रभात येतात असं ऐकतो; आपल्या जिन्याखाली काळा फळा होता, तसं काही तुझ्या ऑफिसात मिळतं का? माझं ऑफिस प्रभादेवीला आहे, आणि आमची कामं असल्याच बोर्डांवर चालतात. मी माझा जुना टॅब त्यांना दिला आणि एका रविवारी बसून बोर्ड करून दिला.

तो त्यांना हवा तसा करायला तीन रविवार लागले. त्यांना चाळ हवी होती. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने चौकोन, चौकोनावर खोलीचा नंबर, आणि ज्याने त्याने आपापल्या खोलीत लिहायचं. मी हौसेने काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "जिना कुठाय?" मी म्हटलं, काका, इथे जिना कशाला लागतो? ते म्हणाले, "वरची माणसं वर जाणार कशी?" मी जिना काढला. मग नळ काढला. मग गणपती बसायची जागा काढली. एवढं झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून अकरा ते पाच टॅबसमोर बसायला सुरुवात केली.

कोणाला किती परवानगी द्यायची हा कारभार त्यांनी ज्या निष्ठेने केला, तशी निष्ठा मी आमच्या ऑफिसात पगार घेणाऱ्यांत पाहिलेली नाही. माणसांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. नुसते बघू शकतात ते बघे, खाली शेरा टाकू शकतात ते बोलके, आणि खोलीत लिहू शकतात ते लिहिते. कोणी नव्याने परवानगी मागितली की टॅबवर विनंती यायची. काका ती तशीच ठेवून आधी त्या माणसाला फोन लावायचे आणि आपले तीन प्रश्न विचारायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा मुलाकडच्यांनी बोर्ड बघायला मागितला. काकांनी त्यांना दोन दिवस बघ्यांत टाकलं. म्हणाले, बघायला आलेत, बघू देत. पसंती कळवली की बोलक्यांत घेऊ. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी खरोखरच घेतलं. गणपतीत गावाकडच्या लोकांना चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत पास मिळायचा आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रद्द व्हायचा, मग तो कोणाचा जावई का असेना.

पहिल्या मजल्यावरचे टेलरमास्तर वारले, तेव्हा त्यांच्या मुलाने फोन करून सांगितलं की आता अण्णांचं नाव काढून टाका. काकांनी काढलं नाही. लिहित्यांतून बघ्यांत केलं. मी विचारलं तर चिडले. "लिहिणार नाहीत ते मला कळतं. म्हणून बघायचं पण बंद करायचं?"

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी कायम भांडायची. बोर्डाला दुसरा मालक नेमा, म्हणजे तुम्ही आजारी पडलात तर अडायला नको. ते ऐकायचे नाहीत. खिडकीवर एकच माणूस बसतो, असं म्हणून विषय संपवायचे. मीही मग सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाशी किती डोकं लावायचं, असं मला तेव्हा वाटायचं.

आता मुलाचं सांगायला हवं. चाळीत ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि काकांसमोर कोणी काढत नसे. अकरा वर्षांपूर्वी मुलाने परस्पर लग्न केलं. मुलगी दुसऱ्या जातीची होती, पण माझ्या मते काकांना ते इतकं लागलं नसेल. न सांगता केलं ते लागलं. बातमी त्यांच्या आधी चाळीला कळली होती. एका संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. मी आणि आई आमच्या दारात उभ्या होतो. काका सत्तावीसच्या उंबऱ्यात आले, दोघांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कोणाकडे?"

ते रागाने म्हणाले की तोंडातून सवयीने गेलं, हे मला अजून सांगता येत नाही. मुलाने एकदा खोलीच्या नंबराकडे पाहिलं. "सॉरी, खोली चुकली," म्हणाला, आणि बायकोचा हात धरून जिना उतरून गेला. काका तिथेच उभे होते. आई पुढे होऊन म्हणाली, "भावजी, हाक मारा ना त्याला." त्यांनी मारली नाही. त्यानंतर तो चाळीत आला नाही, चाळ पडली तेव्हासुद्धा नाही.

हे असं असताना, एके दिवशी मी सहज बोर्डाचं सेटिंग उघडलं आणि चकित झाले. ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणालाही, नाव न सांगता, बोर्ड बघता येईल असं ते करून ठेवलेलं होतं. ज्या माणसाने माझ्या मामाला वीस वर्षं नाव विचारलं, त्याच्या हातून असं होईल हे पटणारं नव्हतं. चुकून दाबलं गेलं असेल म्हणून मी फोन केला. काका म्हणाले, "असू दे." मी समजावू लागले तर म्हणाले, "मला कळतं ते. असू दे," आणि फोन ठेवला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांनी सत्तावीसच्या चौकोनात रोज दुपारी साडेतीननंतर काहीबाही लिहायला सुरुवात केली. 'चहा ठेवला आहे.' 'आज कुळथाची पिठी केली, खारट झाली.' 'कोळीवाड्यात मासे स्वस्त, पण एकट्याला किती लागतात.' आई शेजारच्या अठ्ठावीसमधून त्यांना लिहायची की भावजी, मीठ बेतानं घाला. आम्हाला वाटलं, एकटे असतात, बोलायला कोणी नाही, तेव्हा लिहितात. बरं आहे.

मग ते गॅलरीचं प्रकरण झालं. नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर आपल्याला जुनी होती तशी सामाईक गॅलरी हवी, अशी आमची मागणी होती. पण बोर्डावरच्या चर्चेत कोणीतरी लिहिलं होतं की अगदीच अडून बसले तर गॅलरी सोडू, आणि दहा जणांनी खाली हो म्हटलं होतं. बिल्डरचा माणूस बोलणी करायला आला तो हे सगळं वाचूनच. गॅलरीचा विषय निघताच हसून म्हणाला, ती तर तुम्ही सोडायला तयार आहात ना? आमच्या लोकांची तोंडं उतरली. गॅलरी गेली.

त्यावर लालबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सभा भरली. सगळे काकांवर तुटून पडले. अकरा ते पाच बसून करता काय, जेवणाच्या सुट्टीत आम्हाला कोंडता आणि चोराला दार उघडं ठेवता, असं बरंच. माझा भाऊही बोलला. आताच्या आता लिंक बंद करा, एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि ते रास्त होतं. काका उभे राहिले. खिशातलं पेन काढलं, परत लावलं.

"रोज चारच्या सुमाराला एक पाहुणा येतो," ते म्हणाले. "नाव सांगत नाही. आमच्या सत्तावीसपाशी दहा मिनिटं थांबतो आणि जातो. लिंक बंद केली तर त्याला नाव सांगून यावं लागेल. नाव विचारलं तर तो यायचा नाही. एकदा विचारून बघितलंय मी."

एवढं बोलून ते खाली बसले. कोण पाहुणा हे कोणी विचारलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंच होतं, आणि तिथे न कळणारं कोणी नव्हतं. तळमजल्यावरची मालवणी आजी, जिचं गॅलरीवरून सगळ्यांत जास्त डोकं फिरलं होतं, तीच आधी बोलली. "रवांदे दार उघडां. गॅलरी गेली ती गेली. पोरगो येता तर येवांदे." मागण्यांची चर्चा दुसऱ्या बंद बोर्डावर करायची आणि हा बोर्ड असाच ठेवायचा, असं ठरून सभा संपली. गॅलरी घालवणाऱ्या माणसाला लोकांनी वडापाव आणि चहा आग्रहाने दिला. आमच्या चाळीचं मला यापेक्षा जास्त कौतुक कधी वाटलेलं नाही.

आणि मी त्या हॉलमध्ये खुर्चीला चिकटून बसले होते, कारण तो पाहुणा मी होते.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडायची आम्हाला परवानगी नाही. लिंक उघडी आहे हे कळल्यापासून, चार वाजता चहा आला की मी ती दाबून बोर्ड तसाच उघडायची, नाव न सांगता. माझ्या पडद्यावर मला मी दिसत नसे. काकांच्या पडद्यावर मात्र एक बाण आणि त्याखाली 'पाहुणा' असं दिसत असणार. मी जायची ती काकांकडे नव्हेच. आईकडे. आईला फोन केला की पाऊण तास जातो. गुडघा, वहिनी, बदलापूरचं पाणी. त्यापेक्षा अठ्ठावीसमध्ये तिने काय लिहिलंय ते वाचलं की झालं, असा माझा हिशोब. वाचून होईस्तोवर बाण सत्तावीस-अठ्ठावीसच्या मधे कुठेतरी पडून राहायचा आणि मी चहा प्यायची. अधूनमधून काकांचं कुळीथही वाचायची. ते कोणासाठी लिहिलंय याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

सभेत मी उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही. माणसं नुकतीच शांत झाली होती, काकांच्या हातात चहाचा कप होता. नंतर सांगू असं स्वतःला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता परत बोर्ड उघडला. न उघडावं तर काका वाट बघतील. उघडावं तर खोटं. मी उघडत राहिले. रजेच्या दिवशी मोबाइलवरून, नाव लपवून, उघडायची. एकदा डेंटिस्टच्या खुर्चीतून उघडला.

काकांना सभेने धीर आला होता. त्यांनी मला फोन करून विचारलं की नाव न सांगता येणाऱ्याला लिहायची सोय करता येते का. ती करता येते हे त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सत्तावीसमध्ये लिहिलेलं होतं, 'तब्येत बरी आहे ना?' आणि त्याखाली एक रिकामी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. ती चिठ्ठी दोन दिवस रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्याने बघवेना. मी त्यावर 'हो' लिहिलं आणि बोर्ड बंद केला.

पाच मिनिटांत काकांचा फोन. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "लिहिलं ग त्याने. हो म्हणाला." मग म्हणाले, आता मी घाई करणार नाही, हळूहळू विचारीन. दुसऱ्या दिवशी चौकोनात नवी ओळ होती. 'घरात लहान कोणी आहे का?' खाली रिकामी चिठ्ठी.

एक 'हो' लिहायला मला काही वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरात नातवंड आहे की नाही हे मी कुठून लिहिणार? त्या रविवारी सकाळी मी कोळीवाड्यात गेले.

बाहेर ओट्यावर सुकट पसरलेली होती. वरच्या खोलीत काका शर्ट-पेनसकट टॅबसमोर बसले होते, रविवार असूनही. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पेटीवर बसले. मी चहाची वाट न बघता एका दमात सगळं सांगितलं. आईचं, ऑफिसचं, सभेचं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. मी संपवल्यावर म्हणाले, "आणि ते 'हो'?"

"तेही मीच."

खालून कोळीणबाई कोणालातरी हाका मारत होती, ती गप्प होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "म्हणजे तो आलाच नाही. एकदाही नाही."

मी रडायला लागले. ते मला रागवले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "आईला फोन करत जा ग. वाचून काय कळतं?"

नंतर, जरा सावरल्यावर, मी त्यांना विचारलं की त्याला लिंक कोणी पाठवली होती. चाळीत सगळ्यांकडे आहे, कोणीतरी दिली असेलच, असं म्हणाले. मी तिथूनच भावाला फोन लावला. त्याला वाटत होतं, मी दिली असेल. आईला वाटत होतं, भावाने दिली. मला वाटायचं, बोर्डच काकांचा, म्हणजे त्यांनीच कळवलं असणार. चाळीत कोणाला काही पाठवावं लागत नसे. एका टोकाला बोललं की गॅलरीने ते दुसऱ्या टोकाला पोचायचं. आम्ही पांगलो तरी त्याच भरवशावर होतो. आणि काकांनी जन्मात कोणाला बोलावणं धाडलं नव्हतं. त्यांच्या खिडकीवर माणसं आपण होऊन यायची.

मी म्हटलं, काका, मी आता पाठवते. ते म्हणाले, "आता नको." त्यांनी टॅब पुढे ओढला, सेटिंग उघडलं, आणि नाव न सांगता येणाऱ्यांचं येणं बंद केलं. एक एक बटण नीट बघून दाबलं. मग टॅब पूर्ण बंद केला आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवला. म्हणाले, थोडे दिवस सुट्टी घेतो. जेवून जा म्हणाले. मी जेवले नाही.

संध्याकाळी भावाकडून काकांच्या मुलाचा नंबर घेतला. चेंबूरला राहत होता, काकांच्या खोलीपासून बसने वीस मिनिटांवर. त्याला लिंक पाठवली आणि लिहिलं की तुझ्या बाबांनी चाळीचा बोर्ड केला आहे, सत्तावीस नंबर बघ. लिंक आता बंद आहे, त्याला परवानगी मागावी लागेल, हे मला माहीत होतं. उलट मला ते बरंच वाटलं. विनंती आली की काकांना त्याचं नाव दिसेल, खरं नाव, आणि पुढचं बापलेक बघून घेतील. टॅब उघडून बघा, असं काकांना फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं. पण कोणत्या तोंडाने करणार? आणि ते फार दिवस टॅबशिवाय राहणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

गुरुवारी सकाळी कोळीणबाईचा फोन आला. चहाला हाक मारली, उठले नाहीत.

मुलाला भावाने कळवलं. तो आला, सगळं केलं. शीवच्या स्मशानातून परतल्यावर आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. तो, आई आणि मी. त्याचे कानशिलावरचे केस पिकले होते. बापासारखाच दिसायला लागला होता, पण हे त्याला सांगण्याची ती वेळ नव्हती. आई स्टोव्हपाशी चहा करत होती. तो म्हणाला, "तू पाठवलीस तशी लगेच दाबली मी. परवानगी मागा म्हणाला, मागितली. रोज बघत होतो. चार दिवस उत्तर नाही." मग म्हणाला, "मला वाटलं, बघून ठेवली असेल. द्यायची नसेल."

मी म्हटलं, त्यांनी बघितलीच नाही रे. त्याला ते खरं वाटलं नसावं. मी उठून कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या, टॅब काढला. बॅटरी संपली होती. चार्जरला लावून आम्ही तो सुरू व्हायची वाट बघत बसलो. आईने चहा दिला, कोणी घेतला नाही.

टॅब सुरू झाला. विनंती एकच होती. वर त्याचं पूर्ण नाव, मधे काकांचं नाव. खाली दोन ओळी लिहायला जागा असते, तिथे त्याने लिहिलं होतं, 'बाबा, मी आहे. लेक सात वर्षांची झाली. तिला आपली खोली दाखवायची आहे.'

विनंती रविवारी संध्याकाळी सातची होती. काकांनी टॅब त्याच दिवशी, दुपारी, माझ्यासमोर बंद करून ठेवला होता.